डोळा आपला, स्मृती कोणाची?

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील उत्तुंग संकुल असो की डोंबिवलीतील चार मजली जुनी इमारत, प्रवेशद्वारावर एक पाटी आता हमखास आढळते : ‘आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहात.’ या पाटीने चोर कितपत बिचकतो हे सांगणे कठीण. सभासद मात्र ती पाहून निर्धास्त होतात. देखभाल निधीतून काही हजार रुपये खर्च झाले, भिंतींवर काळे डोळे बसले, अध्यक्ष-सचिवांच्या मोबाइलवर चित्र दिसू लागले, की सुरक्षेचा विषय मिटला, अशी आपली समजूत झाली आहे. ही नजर कोणाची आणि तिने टिपलेले कोणाच्या कोठारात जाऊन पडते, हे मात्र पाटीवर लिहिलेले नसते. आपणही ते कधी विचारीत नाही. ही बेफिकिरी आता महागात पडू लागली आहे.

पूर्वीची व्यवस्था साधी होती. कॅमेऱ्यापासून निघालेली तार कार्यालयातील एका पेटीपर्यंत जाई आणि चित्रण त्या पेटीतच राही. आज कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असतो. डोंबिवलीच्या जिन्यातील चित्र आधी कोठेतरी दूरच्या संगणकावर जाते, तेथे साठते आणि मग आपल्या मोबाइलवर उमटते. या दूरच्या साठवणुकीलाच ‘क्लाऊड’ असे काव्यमय नाव मिळाले आहे. नाव मेघाचे असले तरी ही वस्तू आकाशात नसते. ती कोणाच्या तरी मालकीच्या इमारतीत, कोणत्या तरी देशाच्या भूमीवर आणि त्या देशाच्या कायद्याखाली असते.

या सोयीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला परतणाऱ्या हजारो कुटुंबांची घरे दिवसभर बंद असतात. मुलगा अमेरिकेत आणि वृद्ध आई-वडील डोंबिवलीत, हे चित्र तर घरोघरी आहे. अशा मुलाला रात्री-बेरात्री मोबाइल उघडून आई देवघरापाशी बसलेली दिसली तर त्याचा जीव भांड्यात पडतो. त्याच्या या भावनेची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप यंत्रावर नाही. ज्या बेहिशेबीपणाने आपण घराची, शाळेची आणि शहराची स्मृती परक्याच्या स्वाधीन केली आहे, त्यावर आहे.

बदलापूरने विचारलेला प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात तासन्‌तास रेल्वे रोखून धरली. त्या प्रक्षोभात एक तपशील मागे पडला. शाळेच्या आधीच्या पंधरा दिवसांचे सीसीटीव्ही चित्रण गहाळ असल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले होते. कॅमेरे होते, पैसे खर्च झालेले होते. ज्या घटकेसाठी तो खटाटोप केला, त्या घटकेला स्मृती मात्र रिकामी होती.

शासनाने तातडीने, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, शाळांना कॅमेऱ्यांची सक्ती करणारा निर्णय काढला. चित्रण आठवड्यातून किमान तीन वेळा तपासण्याची जबाबदारी त्यात मुख्याध्यापकांवर टाकली गेली. निर्णय योग्यच होता. परंतु चित्रण ज्या संस्थेच्या कारभाराचा पुरावा ठरणार, त्याच संस्थेच्या कपाटात ते ठेवायचे असेल, तर कुंपणानेच शेत खाल्ले तर काय, हा प्रश्न उरतोच. पोलीस ठाण्यांचा अनुभव वेगळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत, चित्रण १८ महिने आणि ते शक्य नसेल तेथे किमान एक वर्ष जपावे, असा आदेश दिला. पाच वर्षे होत आली तरी स्थिती अशी, की सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांच्या प्रश्नाची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आपल्या गृहनिर्माण संस्थांनी या आरशात स्वतःकडे पाहावे. हिशेब साधा आहे. दर सेकंदाला २ मेगाबिट वेगाने सतत चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ ते २२ गिगाबाइट जागा व्यापतो. असे १६ कॅमेरे असतील तर दिवसाला साडेतीनशे गिगाबाइटच्या आसपास. म्हणजे २ टेराबाइटची हार्ड डिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि नवे चित्रण जुन्यावर चढू लागते. कार्यकारिणी मात्र सभासदांना ‘महिनाभराचे रेकॉर्डिंग असते’ असे खुशाल सांगत असते. सुटीवर गेलेले कुटुंब दहा दिवसांनी परतते, तिजोरी फोडलेली आढळते, आणि पोलिसांसमोर पेटी उघडल्यावर कळते की हवा तो दिवस केव्हाच पुसला गेला आहे.

म्हणूनच चित्रणाची एक प्रत जागेबाहेर असणे गरजेचे आहे. पेटी चोर उचलून नेऊ शकतो, आगीत ती जळू शकते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने मे २०१६ आणि मे २०२४ अशा दोन भीषण स्फोटांत परिसरातील इमारतींची काय दशा होते हे पाहिले आहे. शिवाय आतलाच कोणी ती पेटी पुसू शकतो. बाहेरची प्रत हा त्यावरचा तोडगा आहे, हे मान्य. पण बाहेर म्हणजे कोठे, या प्रश्नापाशी आपले कुतूहल एकाएकी का थांबते?

राजकोटचा धडा

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरात पोलिसांनी उघडकीस आणलेल्या प्रकरणाने सुसंस्कृत समाजाची मान खाली जावी. राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचे कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण चोरून इंटरनेटवर विक्रीस मांडले गेले. तपास पुढे सरकला तसे देशभरातील रुग्णालये, शाळा, कार्यालये आणि घरांतीलही चित्रण अशाच रीतीने चोरले गेल्याचे समोर आले. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातील, लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते, ही आणखी एक लाजिरवाणी बाब. या चोरांना कोणतीही अवघड विद्या लागली नाही. कॅमेऱ्यांना कारखान्यातून येतानाचाच ‘अ‍ॅडमिन१२३’ या धाटणीचा पासवर्ड होता. घराला लाखाचे कुलूप लावावे आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी, तशातला हा प्रकार.

अशा कॅमेऱ्यांचा उपयोग केवळ डोकावण्यासाठी होतो असेही नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. त्यासाठी ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रणालीने जी फौज वापरली, तीत मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि त्यांच्या चित्रण-पेट्या यांचा मोठा भरणा होता. मालक झोपलेला, त्याचा पहारेकरी दुसऱ्याच्या लढाईत!

‘मोठ्या कंपनीची सेवा घेतली की झाले’ असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी दोन उदाहरणे. मार्च २०२१ मध्ये ‘व्हेरकाडा’ या अमेरिकी कंपनीची प्रमुख किल्ली घुसखोरांच्या हाती लागली आणि रुग्णालये, तुरुंग, कारखाने येथील सुमारे दीड लाख कॅमेरे एकाच वेळी त्यांच्यासमोर उघडे पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वायझ’ या दुसऱ्या कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांच्या मोबाइलवर परक्यांच्या घरातील चित्रे आली. सगळ्यांच्या किल्ल्या एका जुडग्यात ओवल्या की ते जुडगे हरवल्यावर काय होते, याचे हे नमुने आहेत.

सीमेपलीकडचे कोठार

आता या विषयाची राष्ट्रीय बाजू. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेत दिलेली माहिती प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे. सरकारी संस्थांत बसविलेले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असून त्यांचे चित्रण देशाबाहेरील सर्व्हरवर जाण्यात धोका आहे, असे त्यांनी सांगितले होते. ही केवळ सरकारी कार्यालयांची संख्या. दुकाने, दवाखाने, शिकवणी वर्ग आणि आपल्या इमारतींतील कॅमेऱ्यांची गणती कोणी केली आहे?

चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचे सातवे कलम स्पष्ट आहे. तेथील प्रत्येक संघटनेने आणि नागरिकाने राज्याच्या गुप्तवार्ता कार्यास साहाय्य केले पाहिजे. कंपनी कितीही सोज्ज्वळ असो, सरकारने मागितल्यावर ‘नाही’ म्हणण्याची मुभा तिला नाही. हे ओळखूनच अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा करून आपल्या संघीय खात्यांना ‘हाइकव्हिजन’, ‘दाहुआ’ आदी कंपन्यांची अशी उपकरणे घेण्यास बंदी केली. ब्रिटनने नोव्हेंबर २०२२ मध्ये संवेदनशील सरकारी जागी असे नवे कॅमेरे बसविणे थांबविले. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी इमारतींतील ९०० हून अधिक उपकरणांची मोजदाद करून ती काढण्यास घेतली. मुक्त बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या या देशांनीही बाजारापेक्षा घराचा उंबरठा मोठा मानला.

‘आमच्या जिन्यात काय गुपित आहे? चीनने पाहिले तर पाहू दे!’ असे म्हणणारे बुद्धिमंत आपल्यातही आहेत. त्यांनी २ जानेवारी २०२४ चे कीव्ह आठवावे. त्या दिवशीच्या रशियन क्षेपणास्त्र हल्ल्याच्या वेळी शहरातील निवासी इमारतींवरील दोन कॅमेरे रशियन हेरांनी ताब्यात घेऊन हवाई संरक्षणाची टेहळणी केल्याचे युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेने जाहीर केले आणि ते कॅमेरे उतरविले. जून २०२५ मध्ये इराणशी संघर्ष पेटला असताना, क्षेपणास्त्रे कोठे पडली हे पाहण्यासाठी शत्रू घरगुती कॅमेऱ्यांत शिरत आहे, असा इशारा इस्रायलमध्ये नागरिकांना दिला गेला. ते कॅमेरेही कोणाच्या तरी गॅलरीत ‘सहज’ लावलेले होते.

आपला ठाणे-कल्याण पट्टा म्हणजे एखादे आडवळणाचे खेडे नव्हे. १८५३ मध्ये देशातील पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यास आली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला, आणि तेव्हापासून मुंबईहून नाशिककडे व पुण्याकडे जाणाऱ्या वाटा कल्याणलाच फुटतात. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, नौदलासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. डोंबिवलीला रासायनिक कारखाने आहेत. या सर्वांभोवती हजारो खासगी कॅमेरे रस्त्याकडे, रुळांकडे, फाटकांकडे तोंड करून बसले आहेत. त्यांतील प्रत्येक चित्र क्षुल्लक असेल. हजारो चित्रे एका हाती आली की त्यांचा नकाशा होतो.

केंद्र सरकारने या बाबतीत पाऊल उचलले आहे, त्याची नोंद कृतज्ञतेने घ्यावी. ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी बंधनकारक झाली आणि वाढीव मुदतीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. यंत्राचे भाग कोठून आले, प्रणालीत चोरवाटा आहेत काय, चित्रण सांकेतिक रूपात जाते काय, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले गेल्याशिवाय कॅमेरा बाजारात येऊ नये, असा हा दंडक. पण तो नव्या विक्रीला आहे. आपल्या भिंतींवर आधीच बसलेल्या जुन्या डोळ्यांना तो स्पर्श करीत नाही. त्यांचा विचार आपणच करायचा आहे. खोक्यावर भारतीय नाव छापले की आतील यंत्र स्वदेशी झाले, या भ्रमातही राहू नये. स्वदेशी ही लेबलाची गोष्ट नाही. किल्ली आपल्या हाती असणे हे तिचे मर्म आहे.

पुरावा आणि प्रतिष्ठा

उद्या न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर मोबाइलवरून मोबाइलवर फिरलेली चित्रफीत पुरावा म्हणून उभी राहणे कठीण. या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातूनच गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरणच समोर आणले नसेल तर प्रतीसोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात चित्रणाची ‘हॅश’, म्हणजे त्याचा गणिती अंगठ्याचा ठसा, आणि तज्ज्ञाची सहीही लागते. ज्या संस्थेला आपले चित्रण कोणत्या देशातील संगणकावर आहे हेच ठाऊक नाही, तिचा सचिव ही सही कशाच्या बळावर करणार?

अर्धवट चित्रण किती घातक असते, हे कल्याणने जुलै २०२५ मध्ये अनुभवले. कल्याण पूर्वेतील एका दवाखान्यात स्वागतिकेला झालेल्या निर्घृण मारहाणीची चित्रफीत राज्यभर पसरली. दोन दिवसांत त्याआधीच्या क्षणांची दुसरी फीत बाहेर आली आणि वादाला नवे तोंड फुटले. मारहाणीचे समर्थन कोणत्याही फितीने होत नाही. पण तपास पूर्ण होण्याआधी दवाखान्याच्या आतील चित्रण तुकड्यातुकड्यांनी चव्हाट्यावर येते, तेव्हा न्याय मागे पडतो आणि तमाशा पुढे जातो.

याच संदर्भात घरातील लेकी-सुनांचा विचार करावा. कोणत्या मुलीला कोण सोडायला आले, कोण किती वाजता परतले, हे पदाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर चोवीस तास दिसते. कार्यकारिणी बदलते, जुन्या पदाधिकाऱ्याच्या मोबाइलवरील प्रवेश तसाच राहतो. कॅमेरे बसविणाऱ्याकडे पासवर्ड असतो, त्याने सोडलेल्या कामगाराकडेही असतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यापाठोपाठ २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याबाहेर आहे. संस्था, शाळा आणि दवाखाने यांना ती पळवाट नाही. मुदत संपेपर्यंत झोपून राहायचे आणि नंतर वरातीमागून घोडे दामटायचे, ही आपली जुनी खोड येथे तरी मोडावी.

सभेत विचारायचे पाच प्रश्न

प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होणे अपेक्षित असते. रंगकाम आणि वाहनतळ यांवर तासन्‌तास भांडणाऱ्या या सभेत यंदा स्वयंसेवकाने उठून पाच प्रश्न विचारावेत. आपले चित्रण कोठे साठते, त्याचा सर्व्हर भारतात आहे काय? प्रत्यक्षात ते किती दिवस टिकते. अंदाज नको, पेटी उघडून आजच दाखवा. पासवर्ड कोणाकोणाकडे आहे आणि तो शेवटचा कधी बदलला? चित्रण कोण पाहू शकतो आणि पाहिल्याची नोंद वहीत होते काय? यंत्र चाचणी-प्रमाणित आहे काय, नसल्यास ते बदलण्याचा कार्यक्रम काय? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. मोफत मोबाइल-सेवेवर विसंबलेल्या संस्थेने एवढेच आठवावे, की हजारो गिगाबाइट कोणी धर्मादाय म्हणून सांभाळत नाही. ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण सुरक्षेला लागू होत नाही.

महापालिकांनाही जाब विचारला पाहिजे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे सप्टेंबर २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’च्या यादीत आली, ते अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. जनतेच्या पैशाने उभारलेल्या कॅमेऱ्यांतील किती चालू आहेत, देखभाल कोणाकडे, चित्रण किती दिवस जपले जाते, हे दर तिमाहीस जाहीर झाले पाहिजे. दोन्ही शहरांत प्रशासकाची राजवट संपून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले आहे. नगरसेवकांनी उद्घाटनाच्या फिती कापण्याआधी हा हिशेब मागावा. शाळांच्या बाबतीत तर चित्रणाची मोहोरबंद प्रत, संस्थाचालकाला पुसता येणार नाही अशा रीतीने, देशातच आणि शासकीय देखरेखीखाली राहावी. बदलापूरच्या त्या दोन मुलींचे एवढे तरी ऋण आपण फेडलेच पाहिजे.

अखेर एक गोष्ट यंत्राच्या पलीकडची. ज्या डोंबिवलीत १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्षाची स्वागतयात्रा सुरू झाली आणि तेथून ती महाराष्ट्रभर पसरली, त्या डोंबिवलीला शेजारधर्म शिकविण्याची गरज नसावी. कॅमेरा चोर टिपतो. पण बंद दारामागे दोन दिवस दूध उचलले गेले नाही, हे शेजारच्या काकूंच्या ध्यानात येते. कॅमेरा मुलीचा पाठलाग नोंदवितो. ‘काय रे, कोण पाहिजे?’ असे दरडावून विचारतो तो कोपऱ्यावरचा दुकानदार. जागा समाज असला की कॅमेरा त्याचा सेवक होतो. समाज झोपला की तोच कॅमेरा दुसऱ्याचा हेर होतो. आपल्या भिंतीवरील डोळ्याने कोणाची चाकरी करायची, हे येत्या सभेत हात वर करून आपणच ठरवायचे आहे.